कवडीमोल : एका समुद्री जिवाच्या किमतीचा इतिहास

मराठी माणूस समुद्रापासून कितीही दूर राहत असला तरी कवडी त्याच्या बोलण्यात असते. कांदा कवडीमोल भावाने जातो, चिक्कू माणूस कवडीचुंबक ठरतो, कफल्लकाच्या खिशात फुटकी कवडीही नसते आणि विरजण छान लागले की आपण कवडीचे दही म्हणतो. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या आणि भुत्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. सारीपाटाचे दान कवड्या टाकूनही मोजले जाई. एवढी ही वस्तू आपल्या ओळखीची आहे, पण ती एका जिवंत प्राण्याचे कवच आहे, तो प्राणी आपल्या किनाऱ्यावर चलनाला पुरेल इतका कधीच मिळत नव्हता आणि तो हजारो मैल प्रवास करून आपल्या म्हणींत येऊन बसला आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

भाषेने कवडीला 'जवळजवळ शून्य' असा अर्थ दिला. इतिहासात मात्र याच कवडीने राज्यांचा सारा भरला गेला, तांदळाची गलबते विकत घेतली गेली आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसेही विकत घेतली गेली. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात आहे. त्याचे उत्तर शोधताना मला जे सापडले ते या लेखात मांडतो. समुद्री जीव ही माणसाची 'संपत्ती' आहे असे आपण सहज म्हणतो. ती संपत्ती नेमकी कोणाची, आणि तिची किंमत कुठे ठरते, हे पाहायला कवडीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

लीलावतीतले कोष्टक

सुरुवात महाराष्ट्राजवळूनच करू. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'च्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक दिले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे हे कोष्टक खानदेशात पिढ्यानपिढ्या शिकवले गेले असणार. ते असे : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. हिशेब केला तर ८० कवड्यांचा पण आणि १,२८० कवड्यांचा द्रम्म होतो.

गणिताचा एवढा मोठा ग्रंथ मोजणीची पहिली पायरी म्हणून एका गोगलगायीचे कवच घेतो, याचे पूर्वी मला नवल वाटे. पण ती कवडी कशी घडते हे वाचल्यावर ते वाटेनासे झाले. चलनाची कवडी ही उथळ, कोमट समुद्रात, प्रवाळांच्या आसपास राहणारी आणि शेवाळ खरवडून खाणारी गोगलगाय. जिवंतपणी तिच्या अंगाची मऊ घडी बाहेर येऊन कवचाला झाकून टाकते, म्हणून ते कवच घासल्यासारखे गुळगुळीत राहते. वयात आल्यावर कवचाची कड आत वळते, दातेरी फट तयार होते आणि लांबीची वाढ थांबते. इतर अनेक शंख-शिंपले आयुष्यभर वाढत राहतात. ही ठरावीक आकारावर थांबते. म्हणून हजारो कवड्या जवळजवळ सारख्या मिळतात.

चलनाला जे जे लागते ते सगळे या प्राण्याने आपल्या गरजेपोटी आधीच करून ठेवले होते. कवडी टणक असते, गंजत नाही, सहज फुटत नाही, मुठीत मावते आणि मोजता येते. मुख्य म्हणजे ती खोटी करता येत नाही. तांब्याच्या नाण्यात शिसे मिसळता येते, चांदीच्या रुपयाची कड कातरता येते, पण कवडीत काही मिसळता येत नाही आणि कातरली तर ती कवडीच राहत नाही. बाजारातल्या अगदी गरीब माणसालाही ती पारखता येत असे. त्यासाठी सराफाकडे जावे लागत नसे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने मध्यदेशातल्या बाजारात देवघेव कवड्यांनी चालते असे नोंदले आहे. भाजी, मीठ, तेल यांसारख्या रोजच्या छोट्या खरेदीला चांदी उपयोगाची नव्हती. ती गरज या गोगलगायीने भागवली.

बेटे आणि तांदूळ

ही कवडी मुख्यतः मालदीवहून येई. अकराव्या शतकात अल-बिरूनीने या बेटांचे दोन गट सांगितले आहेत : एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याची बेटे. पिकवण्यासारखे फारसे काही नसलेल्या त्या भूमीची सगळी बाजारपेठ या दोन नावांत आली. त्याच्या आधी, दहाव्या शतकात, अल-मसूदीने कवडी धरण्याची रीत लिहिली आहे. माडाच्या झावळ्या पाण्यावर टाकायच्या, त्यांना हे जीव चिकटतात, मग त्या किनाऱ्यावर आणून उन्हात टाकायच्या.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३-४४मध्ये मालदीवमध्ये काझी होता. त्याची नोंद सर्वांत उपयोगाची आहे, कारण तो मोजमापे देतो. समुद्रातून गोळा केलेले हे जीव किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत टाकतात, आतले मांस नाहीसे होते आणि पांढरे कवच उरते, असे तो सांगतो. शंभराला एक नाव, सातशेला दुसरे, बारा हजारांना तिसरे, लाखाला चौथे. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत; कधी त्याहूनही जास्त. बंगालचे लोक तांदूळ देऊन त्या घेत. येमेनचे लोक मात्र जहाज डुलू नये म्हणून तळाशी वाळूऐवजी कवड्या भरत.

वाळूऐवजी! ज्या वस्तूवर बंगालचा बाजार चालत होता तीच वस्तू दुसऱ्या एका जहाजात निव्वळ भार होती. पुढे तोच इब्न बतूता सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला, तेव्हा तिथे त्याला हीच कवडी चलनात दिसली. भाव होता सोन्याच्या दिनाराला १,१५०. दोन्ही बाजारांतले दिनार अगदी एका वजनाचे धरता येणार नाहीत, पण ढोबळमानाने कवडीची किंमत साडेतीनशे पट झाली होती. बेटावरून मालीपर्यंत कवडीत तसूभरही फरक पडला नव्हता. वाढले होते फक्त अंतर आणि मधले हात.

१६०२मध्ये फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी जहाज फुटून मालदीवला लागला आणि पाच वर्षे तिथे अडकून पडला. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस, म्हणजे उधाणाच्या मोठ्या ओहोटीत, बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून कवड्या वेचतात, असे तो लिहितो. एका वर्षात तीस-चाळीस जहाजे निव्वळ कवड्या भरून बंगालकडे गेलेली त्याने पाहिली. बारा-बारा हजारांचे गाठोडे माडाच्या पात्यांत बांधत. इब्न बतूताच्या वेळचा बारा हजारांचा आकडा अडीचशे वर्षांनी तसाच होता.

या व्यापारात बेटांना मिळे तो तांदूळ. मालदीवमध्ये भात पिकत नाही. त्या बाईने ओहोटीत वेचलेली ओंजळ म्हणजे तिच्या घरची पेज होती. कवडीची तिच्या लेखी किंमत तेवढीच आणि तेवढ्यापुरती खरी होती. तावेर्निये हा सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो : समुद्राजवळ एका पैशाला ऐंशी कवड्या मिळतात, समुद्रापासून दूर जावे तसतशा त्या कमी होतात आणि आग्र्याला पन्नास-पंचावन्नच मिळतात. म्हणजे आपल्या देशात कवडीचा भाव पाहून समुद्र किती दूर आहे हे सांगता आले असते.

रुपयाला साडेपाच किलो

बंगाल, सिल्हेट आणि ओडिशा या भागांत कवडी केवळ भाजीबाजारापुरती नव्हती. सरकारी साराही तीत भरला जाई. तिथले कोष्टक असे : चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण, चार काहणांचा रुपया. ते मी लीलावतीच्या कोष्टकाशेजारी मांडले तेव्हा ध्यानात आले की पण दोन्हीकडे ८० कवड्यांचा आहे आणि भास्कराचार्यांचा द्रम्म व ओडिशाचा काहण दोन्ही १,२८० कवड्यांचे. मधल्या पायऱ्या वेगळ्या, पण मापे तीच. काहण हा शब्द प्राचीन कार्षापणाचा अपभ्रंश आहे.

रुपयाला ५,१२० कवड्या झाल्या. एक कवडी साधारण एक ग्रॅमहून थोडी जास्त भरते. तेव्हा एका रुपयाच्या कवड्यांचे वजन साडेपाच किलोच्या आसपास जाते. रॉबर्ट लिंडसे हा स्कॉटिश तरुण १७७८मध्ये कंपनीचा अधिकारी म्हणून सिल्हेटला गेला. तिथला अडीच लाख रुपयांचा वसूल कवड्यांत होत असे, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. कवड्या साठवायला मोठमोठी कोठारे होती, त्या ढाक्याला न्यायला दरवर्षी नावांचा ताफा लागे आणि या हलवाहलवीत दहा टक्के तूट येई. वाटेतली चोरी वेगळी. अडीच लाख रुपये म्हणजे १२८ कोटी कवड्या आणि वजनाने हजार टनांच्या बरेच वर. डोंगरपायथ्याचा एक जिल्हा, ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, तो दरवर्षी एवढे समुद्री जीव सरकारला मोजून देत होता.

ओडिशाचा धागा आपल्याशी थेट जुळतो. १७५१मध्ये अलीवर्दी खानाबरोबरच्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८०३पर्यंत त्यांच्याकडे राहिला. या काळात तिथल्या साऱ्याचा हिशेब कवड्यांच्या काहणांत होत असे. मराठी इतिहासलेखनात भोसल्यांच्या बंगाल-स्वाऱ्या पुष्कळ येतात. ओडिशाच्या रयतेकडून ते काय घेत होते हे क्वचित येते. ते इतर करांबरोबर मालदीवच्या गोगलगाईंची कवचेही घेत होते. त्या कारभाराच्या जुलमाबद्दल बोलायला भरपूर जागा आहे. पण एक गोष्ट खरी की शेतकऱ्याला भात विकून जे मिळे त्यातच सारा भरता येई.

१८०३च्या देवगावच्या तहाने ओडिशा कंपनीकडे गेला आणि थोड्याच वर्षांत सारा चांदीच्या रुपयांत मागितला जाऊ लागला. रयतेकडे होत्या कवड्या. सरकारने त्या घेणे थांबवताच त्यांची मागणी आटली, बाजारात एका रुपयासाठी पूर्वीपेक्षा जास्त कवड्या मोजाव्या लागू लागल्या आणि साऱ्याचा आकडा न वाढताही सारा वाढला. त्यातच कंपनीने मिठाचा मक्ता घेतला आणि मीठही महागले. मार्च १८१७मध्ये खुर्द्याच्या पाइकांनी बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली उठाव केला. त्याची कारणे अनेक होती : पाइकांच्या जमिनी गेल्या होत्या, खुर्द्याच्या राजाचे राज्य गेले होते. पण त्या उठावाविषयी लिहिणारे अभ्यासक कवडीचे चलन बंद झाल्याने रयतेची झालेली कोंडीही कारणांत धरतात. मोल काढून घेतलेली वस्तू लोकांच्या घरात तशीच पडून होती. कोठीत कवड्या आहेत, पण त्यांनी सारा भरता येत नाही, ही अवस्था म्हणजे अक्षरशः 'कवडीमोल'.

गिनीचा किनारा

आता कवडीच्या प्रवासातला सर्वांत काळा टप्पा. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातल्या कवड्या समुद्रमार्गे पश्चिम आफ्रिकेला न्यायला सुरुवात केली. पुढे डचांनी श्रीलंकेतून आणि इंग्रजांनी बंगालच्या किनाऱ्यावरून हा माल उचलला. कवड्या पुन्हा जहाजाच्या तळाशी भार म्हणून भरल्या जात, येमेनच्या जहाजांसारख्याच. अॅमस्टरडॅम आणि लंडन इथे त्यांचे लिलाव होत. तिथून गुलामांच्या व्यापाऱ्यांची जहाजे त्या घेऊन आजच्या बेनिन आणि नायजेरियाच्या किनाऱ्याला लागत. व्हिडाच्या बंदरात माणसांच्या किमतीचा मोठा हिस्सा कवड्यांत मागितला जाई. कापड, दारू, बंदुका होत्याच. पण कवड्या नसतील तर सौदा अडे.

जॅन होगेनडॉर्न आणि मॅरियन जॉन्सन यांनी कंपन्यांच्या दफ्तरांवरून या व्यापाराचा हिशेब मांडला. त्यांचा ग्रंथ १९८६मध्ये आला. १७०० ते १७९० या काळात डच आणि इंग्रजांनी मिळून अकरा हजार टनांहून जास्त, म्हणजे सुमारे दहा अब्ज कवड्या नेल्या, असे त्यावरून दिसते. दाहोमीच्या राज्यात मोजणी अशी होती : ४० कवड्यांची एक माळ, पाच माळांचे २००, आणि असे चढत चढत ४,००० व २०,०००. वीस हजारांचे ओझे म्हणजे एका माणसाच्या डोक्यावरचा भार.

ओलौदा इक्वियानो याचे आत्मचरित्र १७८९मध्ये लंडनला छापले गेले. आपल्याला लहानपणी पळवून नेले आणि एका गावात, नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्या जिथे चलन होत्या तिथे, १७२ शिंपल्यांना विकले, असे तो सांगतो. त्याच्या बालपणाच्या हकिकतीबद्दल अभ्यासकांत वाद आहे आणि किनाऱ्यावरच्या दरांपुढे हा आकडा फारच लहान आहे. तरी पन्नाशीच्या जवळ आलेला एक माणूस आपली किंमत सुट्या कवड्यांपर्यंत सांगतो, हे विसरता येत नाही. याच सुमाराला, १७९६मध्ये, मुंगो पार्क नायजर नदीकाठी सेगूला पोहोचला. तिथल्या राजाने त्याला शहरात घेतले नाही, पण पाच हजार कवड्या पाठवल्या. शंभर कवड्यांत आपले दिवसाचे जेवण आणि घोड्याचा दाणा भागतो, असे पार्क लिहितो. एकाला तीच कवडी दिवसाची भाकरी देत होती आणि दुसऱ्याला त्याच्या घरापासून तोडत होती.

पश्चिम आफ्रिकेच्या मौखिक परंपरेत एक कथा अभ्यासकांनी नोंदवली आहे. कवड्या मिळवण्यासाठी गुलामांची प्रेते समुद्रात टाकत, कवड्या त्यांना चिकटत, मग प्रेते ओढून काढून कवड्या वेचून घेत, असे ती कथा सांगते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे खोटे आहे. हा जीव शेवाळावर जगतो आणि आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर तो सापडतही नाही. पण किनाऱ्यावरचा माणूस काय पाहत होता? माणसे समुद्रात जात होती आणि समुद्रातून कवड्या येत होत्या. मधला मालदीव, बंगाल, अॅमस्टरडॅम त्याला दिसत नव्हते. जे दिसत होते त्याचा त्याने लावलेला अर्थ हिशेब म्हणून बरोबर होता. अल-मसूदीच्या नोंदीतली झावळी आणि या कथेतले प्रेत, दोन्हीत कवडी धरायची रीत एकच आहे. मला ते वाचून बराच वेळ पुढचे पान उलटता आले नव्हते.

१८०७मध्ये ब्रिटिशांनी आपला गुलामव्यापार बंद केला तरी कवडीचा व्यापार संपला नाही. पाम तेलाच्या खरेदीसाठी ती पुन्हा लागू लागली. १८४५च्या सुमारास हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या बाजूची, थोडी मोठी आणि पाठीवर पिवळसर कडे असलेली कवडी आणायला सुरुवात केली. ती स्वस्त होती. काही दशकांतच अठराव्या शतकातल्या सगळ्या आवकेपेक्षा जास्त कवड्या पश्चिम आफ्रिकेत ओतल्या गेल्या. भाव कोसळले. ज्यांनी आयुष्यभराची बचत कवड्यांत ठेवली होती, त्यांची ती राशीच्या राशी असूनही नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी वसाहतींच्या सरकारांनी आपली नाणी सक्तीची केली आणि कवडी बाजारातून उठली. खुर्द्याला जे एका हुकमाने झाले तेच इथे जहाजांच्या रांगेने झाले.

किंमत कुठे ठरते

या सगळ्यातून मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. कवडीत स्वतःचे असे मोल कधीच नव्हते. तिचे मांस कोणी विकत घेत नव्हते. ते खड्ड्यात कुजून जाई. तिचे मोल अंतरातून तयार झाले, आणि जहाज, कोठार व मोजणी ज्यांच्या हाती होती त्यांनी ते घेतले. ओहोटीत उतरणाऱ्या बाईला तांदूळ मिळाला, दुसऱ्या टोकाला विकल्या गेलेल्या माणसाला काहीच मिळाले नाही. मोजणीचे माप बदलले तेव्हा नुकसान नेहमी त्यांचे झाले ज्यांच्या घरात कवड्या होत्या. ज्यांच्या हाती जहाज होते त्यांनी दुसरा माल भरला.

आज समुद्राबद्दलचे सरकारी आणि व्यापारी लिखाण वाचताना मला हे आठवत राहते. 'सागरी संपत्ती', 'नील अर्थव्यवस्था' हे शब्द त्यात असतात आणि आकडे टनांत असतात. टन खरेच असतात. पण सिल्हेटच्या कोठारातही टन होते आणि व्हिडाच्या बंदरातही. टनांचा आकडा वाचला की तीन प्रश्न विचारायची सवय मला या अभ्यासाने लावली : पाण्यात कोण उतरले, भाव कोणी ठरवला आणि तो माल शेवटी कशाच्या बदल्यात गेला. कवडीच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगळ्या खंडांत सापडली.

घाना स्वतंत्र झाल्यावर १९६५मध्ये तिथे नवे चलन आले. त्याचे नाव 'सेडी' आहे आणि अकान भाषेत त्या शब्दाचा अर्थ कवडी. आपल्याकडे त्याच वस्तूवरून 'कवडीमोल' झाला. दोन्ही भाषांनी आपापल्या बाजारातला भाव जपून ठेवला आहे. आपल्या बाजूचे काम मात्र अजून बाकी आहे. भोसल्यांच्या ओडिशा-कारभाराचे मोडी कागद स्वाऱ्यांसाठी आणि तहांसाठी वाचले गेले. ते काहणांसाठी वाचायला हवेत. रयतेने किती कवड्या दिल्या, त्या कुठून आणल्या आणि त्यांबदली किती भात विकला, हे त्या हिशेबांतूनच कळेल. मोडी वाचता येणाऱ्या तरुणांनी ते काम हाती घ्यावे.